सांगाड्याचा पीळ (उघड्या टपाच्या स्पोर्ट्‌स मोटारींतील)

मोटारीचे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी उंचवट्यावर चढले, की पुढचा आस एका बाजूला कलतो, मागचा दुसऱ्या बाजूला, आणि मधला सांगाडा पिळला जातो. या पिळाला सांगाडा जो विरोध करतो त्याला परिपीडन दृढता म्हणतात. मागचे टोक पक्के धरून पुढचे टोक एका अंशाने फिरवायला जितके परिबल (फिरवणारा जोर) लागते तितकी ती दृढता. तिचे एकक न्यूटन-मीटर प्रति अंश. चाकांमधल्या लांबीत सांगाडा खाली झोळतो त्याला नमन म्हणतात. तेही पिळाबरोबर मोजले जाते, पण उघड्या टपाच्या मोटारीत खरी अडचण करतो तो पीळच.

बंद मोटारीत टप, त्याचे खांब आणि चिकटवून बसवलेली पुढची काच मिळून प्रवासी-कक्षाची एक पेटी होते. टप काढला की पेटीचे झाकणच जाते. अशा मोटारीचा एक कोपरा जॅकवर उचलावा आणि त्या बाजूच्या दाराची फट न्याहाळावी. वरच्या कोपऱ्यात आधी काडी सहज जाईल एवढी जागा असते. चाक जमिनीवरून सुटता सुटता ती मिटते किंवा रुंदावते, आणि जुन्या, गंजलेल्या गाडीचे दार त्या अवस्थेत उघडले तर पुन्हा नीट लागतही नाही. चालत्या गाडीत हाच दोष वेगळ्या रूपाने दिसतो. खडबडीत रस्त्यावर डॅशबोर्ड आणि काचेची चौकट थरथरते, स्टिअरिंगचा दांडा हातात किणकिणतो, आरशातले चित्र फाटते.

टप गेल्याने एवढे नुकसान का होते हे पातळ पत्र्याच्या नळीवरून कळते. बंद छेदाच्या पातळ नळीची परिपीडन दृढता तिने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हे सूत्र जर्मन अभियंता रूडोल्फ ब्रेड्ट यांच्या नावाने ओळखले जाते व ते १८९६ मधले आहे. तीच नळी लांबीच्या दिशेने चिरली, की वेढलेले क्षेत्रफळ हिशेबातून जाते आणि दृढता केवळ पत्र्याच्या जाडीच्या घनावर उरते. १०० मिमी व्यासाच्या, २ मिमी जाडीच्या नळीला अशी एक चीर दिली तर तिची दृढता सुमारे १,८७५ पटींनी घटते. पत्रा तेवढाच, वजन तेवढेच. मोटारीची घट अर्थातच इतकी टोकाची नसते, कारण टपाशिवायही तिच्यात पुष्कळ लहान बंद छेद शिल्लक असतात. पण या विषयातला जवळजवळ प्रत्येक उपाय म्हणजे कुठली तरी चीर पुन्हा बुजवणे, हे ध्यानात ठेवावे.

टप नसला की पीळ पुढून मागे पोचतो तो मुख्यतः दाराखालच्या दोन सिलांतून (उंबरठ्याच्या पोकळ तुळयांतून) आणि तळाच्या मधल्या, चालकदांड्यासाठीच्या बोगद्यातून. एक सिल वर वाकते, दुसरी खाली, आणि दोन्ही स्वतःभोवती थोड्या पिळल्याही जातात. त्यामुळे सिलची उंची जितकी महत्त्वाची तितकाच तिचा पुढच्या व मागच्या आडभिंतीशी (प्रवासी-कक्षाच्या टोकांच्या आडव्या भिंतींशी) असलेला सांधा महत्त्वाचा. भक्कम सिल कच्च्या सांध्याने जोडली तर तिचा भक्कमपणा वाया जातो.

उगम : पत्र्याच्या भारवाही पेटीलाच सांगाडा मानण्याची सुरुवात कोणी केली, याबद्दल एकवाक्यता नाही. सर्वसाधारणपणे हा मान इटलीच्या व्हिन्चेंझो लान्चिया यांच्या ‘लाम्ब्दा’ मोटारीला देतात. ही मोटार १९२२ मध्ये लोकांपुढे आली. कल्पनेचे एकस्व (पेटंट) त्याआधी काही वर्षे, बहुधा १९१८-१९ च्या सुमारास, नोंदले गेले. जहाजाच्या सांगाड्यावरून ही कल्पना सुचली असे नेहमी सांगितले जाते. ही कथा असंभाव्य नाही, पण ती घडल्यानंतर रंगवून सांगितलेली असण्याचाही संभव आहे. इंग्लंडमधील लगोंडा कंपनीच्या १९१३ च्या ११.१ अश्वशक्तीच्या मोटारीत पत्र्याची काया आणि सांगाडा रिव्हेटांनी एकजीव केलेला होता, म्हणून काही जण तिला अग्रक्रम देतात. कालक्रमाने त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लाम्ब्दाचे पारडे जड ठरते. ती मुळातच उघड्या टपाची गाडी होती. तिच्या उंच बाजू, आखूड दारे, आसनांच्या पाठीमागची आडवी अंगे आणि चालकदांड्यासाठी ठेवलेला मधला बोगदा ही सगळी भार वाहण्यासाठीच योजलेली होती. टपाची मदत न घेता पीळ कसा आवरायचा, याचे उत्तर तिच्यात प्रथमच पूर्णपणे मिळते.

मधल्या कण्याच्या सांगाड्याचा (ज्यात मध्यभागी लांबीभर एकच भारवाही कणा असतो) उगमही असाच दुहेरी आहे. १९०४ च्या आठ अश्वशक्तीच्या रोव्हरमध्ये तो दिसतो. पण या रचनेची परंपरा हान्स लेडविंका यांच्या १९२३ मधील ‘टाट्रा ११’ पासून सुरू झाली असे मानणेच योग्य. उघड्या स्पोर्ट्‌स मोटारीत ती खरी नावारूपाला आली १९६२ च्या ‘लोटस एलान’मुळे. पत्र्याची बंद पेटी मध्यभागी आणि तिला दोन्ही टोकांना फाटे, असा हा अगदी हलका सांगाडा लोटसचे अभियंते रॉन हिकमन व संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या काळातला आहे. तो मुळात निलंबनाची (चाके सांगाड्याला जोडणाऱ्या स्प्रिंगा व दांडे यांची) चाचणी घेण्यापुरता तात्पुरता बनवला होता असे म्हणतात. त्याच वर्षी लोटसच्या शर्यतीच्या ‘२५’ या गाडीने नळ्यांच्या चौकटीऐवजी पत्र्याचे टब (चालकाभोवतीची भारवाही पेटी) फॉर्म्युला वनमध्ये आणले.

नळ्यांच्या त्रिमिती चौकटीचे उदाहरण म्हणून मर्सिडीज ‘३०० एसएल’कडे पाहावे. १९५२ च्या शर्यतीच्या गाडीत रूडोल्फ ऊलेनहाउट यांनी बारीक नळ्यांचे त्रिकोण जोडून फक्त ५० किग्रॅ.च्या आसपास वजनाची चौकट बनवली. तिच्या बाजू इतक्या उंच झाल्या की दारे टपातून वर उघडावी लागली. १९५७ मध्ये याच गाडीची उघडी आवृत्ती काढताना नेहमीच्या दारांसाठी बाजूच्या नळ्या खाली आणाव्या लागल्या आणि गेलेली उंची तिरक्या नळ्या घालून भरून काढावी लागली. दाराची सोय आणि सांगाड्याची दृढता एकाच जागेसाठी कशा भांडतात, हे या बदलाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

किती दृढता पुरेशी? सांगाडा हा पुढच्या आणि मागच्या निलंबनामध्ये एकामागोमाग जोडलेली तिसरी स्प्रिंग आहे असे समजून हिशेब करतात. पुढची व मागची कलण्याविरुद्धची दृढता प्रत्येकी १,००० न्यूटन-मीटर प्रति अंश धरली आणि सांगाड्याची २,०००, तर एकूण दृढता पूर्ण ताठ सांगाड्याच्या मानाने २० टक्के कमी भरते. सांगाडा ५,००० चा केला तर तूट ९ टक्के, २०,००० चा केला तर अडीच टक्क्यांहून कमी. म्हणजे सुरुवातीचा लाभ मोठा आणि नंतरचा अल्प. स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) बदलूनही गाडीच्या वागण्यात फरक पडत नसेल, तर सांगाडाच तो फरक गिळतो आहे असा संशय घ्यावा.

उपाय : पहिला क्रमांक सिलांचा. १०० × १५० मिमी छेदाच्या सिलची रुंदी १४० मिमी केली तर पत्रा १६ टक्के वाढतो, पण तिची स्वतःची परिपीडन दृढता सुमारे ६९ टक्क्यांनी वाढते. त्याउलट रुंदी तीच ठेवून पत्रा एकतृतीयांशाने जाड केला, तर दृढताही एकतृतीयांशानेच वाढते. जाड पत्रा ठोकण्याकडे अनेकांचा ओढा असतो. तो महागात पडणारा उपाय आहे. सिलांनंतर काचेच्या खालची आणि आसनांमागची आडवी नळी येते. माझदाच्या एमएक्स-५ मध्ये १९९३ च्या सुमारास १.८ लिटर इंजिन आले तेव्हा आसनांमागे असाच एक दांडा वाढवण्यात आला. याच गाडीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना जोडणारी जी लांब जाळीदार चौकट आहे, तिला अनेकदा पिळाविरुद्धचा उपाय समजतात. तिचे मुख्य काम चालकसंचाला (इंजिनापासून मागच्या डिफरन्शियलपर्यंतच्या यंत्रणेला) गचक्याबरोबर उलटसुलट डुलू न देण्याचे आहे.

तळाखाली लावायच्या फुलीच्या आकाराच्या दांड्यांबद्दल बराच वाद आहे. मोटारीच्या सांगाड्यात फुली आणण्याचे श्रेय सहसा १९२९ च्या ‘कॉर्ड एल-२९’ला देतात. फुलीच्या बाजूने बोलणारे तिला सर्वांत स्वस्त उपाय मानतात, तर विरोधक तिला शोभेची ठरवतात. सपाट आयताकृती चौकट पिळली असता एका कर्णाची दोन्ही टोके वर जातात आणि दुसऱ्याची खाली, परंतु कर्णांची लांबी जवळजवळ बदलतच नाही. त्यामुळे टोकांना फक्त बोल्टने अडकवलेल्या बारीक दांड्यांवर ताण येत नाही, आणि ताण न आलेला दांडा पिळाला विरोधही करत नाही. कॉर्डसारखी जुनी फुली काम करत असे ती तिची अंगे उंच आणि मध्याशी पक्की जोडलेली, म्हणजे वाकायला विरोध करणारी असल्यामुळे. आजच्या पत्र्याच्या तळाखाली फुली लावून फरक जाणवतो तेव्हा बहुतेकदा तिने बोगद्याचे उघडे तोंड बंद केलेले असते किंवा निलंबनाच्या उपचौकटीचे (निलंबन बसवलेल्या वेगळ्या छोट्या चौकटीचे) सुटे कोपरे एकमेकांना बांधलेले असतात. म्हणून बोगदा खालून बंद करणे हाच अधिक भरवशाचा मार्ग दिसतो. १९९७ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये बोगद्याखाली बोल्टांच्या दाट रांगेने बसवलेला सलग पत्रा आहे, आणि ती गाडी आरंभापासून उघड्या टपाचा विचार करून आखलेली होती. तिच्या आधीच्या, १९८४ च्या कॉर्व्हेटमध्ये टपाच्या मधला दांडा आराखडा बराच पुढे गेल्यावर काढून टाकला गेला, आणि त्याची भरपाई उंच सिलांनी करावी लागली.

इंजिनावरून दोन शॉकअब्सॉर्बरांच्या माथ्यांना जोडणारा आडवा दांडा पिळाविरुद्ध फार थोडे करतो. तोच आडभिंतीपर्यंत त्रिकोणात नेला तर उपयोगी पडतो. ठिपक्यांच्या वेल्डिंगमधल्या जागा सलग वेल्डने भरल्यास सांधे आवळले जातात. मात्र हे काम गाडी सरळ आधारावर ठेवून, दारे जागेवर बसवून, फटी पुनःपुन्हा पाहत करावे लागते. वेल्डच्या उष्णतेने सांगाडा एकदा वाकडा बसला तर तो त्याच वाकड्या स्थितीत दृढ होतो. सिलांत फेस भरल्याने पातळ पत्रा आत दबत नाही, पण पाण्याच्या वाटा बुजल्यास आतून गंज धरतो.

१९९६ च्या ‘लोटस एलिझ’ने वेल्डच टाळले. ॲल्युमिनियमच्या साच्यातून काढलेल्या पोकळ पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून केलेला तिचा ६८ किग्रॅ. वजनाचा सांगाडा १०,००० न्यूटन-मीटर प्रति अंशाच्या आसपास दृढता देतो. त्यासाठी आत-बाहेर करताना उंच, रुंद सिल ओलांडावी लागते. कार्बन तंतूच्या टबात तर टपाचा वाटा मुळातच नगण्य असतो. मॅक्‌लॅरनच्या ‘१२सी’ची उघडी आवृत्ती २०१२ मध्ये आली तेव्हा ७५ किग्रॅ.च्या त्या टबाला वेगळी मजबुती द्यावी लागली नाही.

मापन करताना मागची निलंबन-स्थाने घट्ट धरतात, पुढच्या स्थानांवर एकीकडे वर व दुसरीकडे खाली बल लावतात आणि सांगाड्याच्या लांबीवर ठिकठिकाणी डायल गेज ठेवून फिरलेला कोन वाचतात. कोन आणि लांबी यांचा आलेख काढला की तो जिथे एकाएकी चढतो तिथे सांगाडा कच्चा असतो. उघड्या गाडीत अशी जागा बहुधा दाराच्या पुढच्या टोकाशी सापडते.

दृढता वाढवूनही थरथर उरतेच. सांगाड्याची पिळाची नैसर्गिक वारंवारता चाकांच्या उड्या मारण्याच्या, साधारण १० ते १५ हर्ट्‌झच्या, पट्ट्याजवळ आली की ती फार जाणवते. म्हणून सांगाड्याच्या कोपऱ्यांत स्प्रिंगवर टांगलेली वजने बसवण्याची पद्धत आहे. हे तत्त्व हेर्मान फ्राम यांच्या १९०९ च्या सुमाराच्या कंपशोषकाचे. १९६७ च्या शेव्हरोले कॅमारोच्या उघड्या आवृत्तीत चारही कोपऱ्यांत द्रवाने भरलेल्या डब्यांत अशी वजने होती. ही वजने ठरावीक वारंवारतेला जुळवलेली असतात. त्यामुळे नंतर सिल किंवा बोगदा मजबूत केल्यास सांगाड्याची वारंवारता वर सरकते आणि ती वजने नव्याने जुळवावी लागतात.