वारसावास्तूंचं नूतनीकरण : काँक्रीटचा ठराव आणि चुन्याकडे परतीची वाट

वारसावास्तूच्या शाश्वत नूतनीकरणाचा विषय निघाला की सौर पॅनेल आणि वीजबचत आधी पुढे येते. खरा तिढा मात्र १९३१ च्या एका ठरावापासून सुरू होतो.

त्या वर्षी अथेन्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तज्ज्ञांनी जुन्या वास्तू मजबूत करायला आधुनिक तंत्राचा, त्यातही आरसीसीचा (लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचा), जपून वापर करण्यास मान्यता दिली. हा आधार शक्यतो दिसू नये, असंही ठरलं. मूळ रूप बिघडू नये हा हेतू चांगलाच होता. पण झाकलेल्या आधाराची देखभाल कोण करणार? भिंतीच्या पोटात ओतलेलं काँक्रीट दगडाला धक्का न लावता काढता येत नाही, याचा पुरेसा विचार तेव्हा झाला नाही.

छुपा आधार किती महागात पडतो हे त्याच शहरात दिसलं. अक्रोपोलिसवर, म्हणजे तिथल्या प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, त्या काळात झालेल्या दुरुस्तीत संगमरवरी ठोकळे लोखंडी आकड्यांनी जोडले होते. प्राचीन कारागीर लोखंडाभोवती शिसं ओतत. नव्या कामात ते वगळलं. लोखंड गंजून फुगलं, संगमरवर तडकला. १९७५ नंतर हे सांधे उकलून टायटॅनियम बसवावं लागलं.

सिमेंटनेही असंच नुकसान केलं. दगडांमधल्या दरजांमध्ये कडक सिमेंट भरलं की ओल दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुन्याची दरज स्वतः झिजते, दगड वाचवते आणि पुन्हा भरता येते. चुन्यावर कुणी बंदी घातली नव्हती. पण सिमेंट सोयीचं ठरलं आणि चुना मळणारे हात कमी होत गेले.

वारसावास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने क्रम बदलला: पारंपरिक तंत्र अपुरं पडलं तरच आधुनिक, तेही अनुभवाने सिद्ध झालेलं. पुढे ऊर्जाबचतीचे नियम आले तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. थंड हवामानात जाड भिंतीला आतून उष्णतारोधक थर दिला की भिंत गार राहते, थरामागे बाष्प साचतं आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजू शकतात. म्हणून २०१७ च्या युरोपीय मानकात आधी वास्तूची पाहणी, मग उपाय, असा क्रम आहे.

जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. नुसतं वीजबिल मोजणाऱ्या आराखड्यात सिमेंट बनवताना सुटणारा हा कार्बन कुठेच धरलेला नसतो, आणि पाडलेल्या भिंतीच्या जागी नवी बांधण्याचा पर्यावरणावरचा खर्च त्यामुळे कमी भासतो.