वादळी वाऱ्यातील शिडाची नौका

खुल्या समुद्रावर वारा वाढला की नौकेवरचा ताण वेळीच उतरवणे आणि काही मोडलेच तर हाताशी असेल त्याने काम चालवणे, ही दोन कौशल्ये एकमेकांत गुंतलेली आहेत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 20 नॉटचा वारा 28 झाला की शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि 40 नॉटला (ताशी सुमारे 74 किमी.) चौपट. बहुतेक बिघाडांचे मूळ उशिरा आखडलेल्या (म्हणजे आकाराने लहान केलेल्या) शिडात किंवा आधीच झिजलेल्या भागात असते.

पुण्यात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्ये शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. भोवती डोंगर असल्याने तिथे वारा झोताझोतांनी, दिशा बदलत येतो. झोत लागताच शीट (म्हणजे शीड नव्हे, शीड ताणून धरणारा दोर) सैल सोडण्याची सवय अशा पाण्यावर चांगली लागते. लाटांचा अनुभव मात्र तिथे मिळत नाही. जलाशयात त्यांना वाढायला लांबीच नसते. अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वारा शेकडो मैल पाणी ढकलत येतो. कोकणातल्या होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा झाल्यावर पाण्यात लोटतात, त्यामागे हेच कारण आहे.

मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, आखडताना क्रम पाळावाच लागतो. आधी मेनशीट (मेनसेलचा शीट) आणि बूम (शिडाची खालची कडा धरणारी आडवी काठी) खाली खेचून धरणारा व्हँग सैल करून शिडातला वारा काढायचा. बूमचे वजन टॉपिंग लिफ्टवर (बूमला वरून धरणाऱ्या दोरावर) घ्यायचे, नाहीतर हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) सोडताच बूम खालच्या माणसाच्या डोक्यावर येते. मग हॅलयार्ड खुणेपर्यंत सोडायचा. ही खूण जाड दोऱ्याने शिवलेली असली तर अंधारात बोटांना लागते. शिडाच्या पुढच्या कडेचा डोळा (कडी बसवलेले भोक) डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकवून हॅलयार्ड पुन्हा कडक ताणायचा आणि त्यानंतरच मागच्या डोळ्याचा रीफ-दोर (शीड आखडणारा दोर) विंचवर (दोर गुंडाळून ओढायच्या फिरत्या यंत्रावर) ओढायचा, तो डोळा बूमला टेकेपर्यंत. मागचा दोर आधी ओढला तर सगळा ताण एका डोळ्यावर येतो आणि कापड तिथून फाटते. मधल्या बारीक दोऱ्या फक्त लोंबते कापड आवरायला असतात. त्या सोडायला विसरून शीड चढवले, तर ते त्या ओळीतच फाटते.

एवढ्याने भागले नाही तर पुढचे छोटे शीड उलट्या बाजूला ताणून टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध, बाजूला बांधतात. नौका वाऱ्याशी साधारण 45 ते 60 अंशांत हळूहळू वाहत राहते आणि माणसांना विसावा मिळतो. लाटा फुटू लागल्यावर वाऱ्याबरोबर पळत मागे ड्रोग (नौकेचा वेग रोखणारे, पाण्यात ओढत नेलेले साधन) सोडतात. 1979च्या फास्टनेट या ब्रिटनमधील शिडाच्या नौकांच्या शर्यतीत 303 नौकांतील 15 खलाशी वादळात दगावले. त्यानंतर डोनाल्ड जॉर्डन यांनी एकाच दोरावर अनेक छोटे कापडी शंकू बसवलेला ड्रोग विकसित केला. ड्रोगचा दोर कडेला घासून तुटतो, म्हणून तिथे रबरी नळीचा तुकडा चढवतात आणि अधूनमधून वीतभर दोर सोडून घासण्याची जागा बदलतात.

डोलकाठीच्या तारा बहुधा टोकाच्या दाबून बसवलेल्या जोडाशी तुटतात. आधी एखादाच धागा काट्यासारखा वर येतो. त्या जागी कापूस फिरवला की तो अडकतो. वाऱ्याकडची बाजूची तार तुटली तर ती बाजू वाऱ्याआड जाईल अशी नौका ताबडतोब वळवावी. पुढची तुटली तर वाऱ्याबरोबर पळावे आणि मोकळा हॅलयार्ड नाळेला (नौकेच्या पुढच्या टोकाला) बांधून ताणावा. मागची तुटली तर नाळ वाऱ्याकडे वळवून मेनशीट घट्ट आवळावी.

डोलकाठीच कोसळली तर पाण्यातला तिचा तुकडा लाटेगणिक तळावर आदळतो. वाचवता येत नसेल तर पिना काढून किंवा तारा कापून तो सोडून द्यावा. सगळे दोर वर ओढल्याशिवाय इंजिन सुरू करू नये; पंख्यात दोर गुंतला तर इंजिनही जाते. 2018च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नौकाचालक अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' उलटून डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. 24 सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. त्याच वादळात डोलकाठी गमावलेले आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन यांनी तात्पुरती डोलकाठी उभारून टॉमी यांच्या दिशेने नौका हाकली होती.

सुकाणूची केबल तुटली तर सुकाणूच्या दांड्यावर थेट आपत्कालीन टिलर बसवतात. तो बंदरात असतानाच एकदा बसवून पाहावा, कारण कित्येकदा त्यावरचे झाकण गंजून घट्ट झालेले असते. सुकाणूचे पातेच निखळले तर मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरून ड्रोगला दोर बांधून, ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचा दोर आखडून दिशा धरता येते.