उपनगरातली मंडई: आरक्षण ते ओटे

पुण्याच्या नव्या उपनगरांत मंडई का होत नाही, याचं खापर बहुतेक वेळा ठेकेदारावर किंवा रखडलेल्या निविदेवर फुटतं. खरी दिरंगाई त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. माणसं राहायला येतात तेव्हा तिथला विकास आराखडाच मंजूर नसतो.

जुन्या पुण्यात असं नव्हतं. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरणारा भाजीबाजार हलवायचं नगरपालिकेने ठरवलं, शुक्रवार पेठेत इमारत बांधली आणि 1886 मध्ये रे मार्केट सुरू झालं. तेव्हाही वाद झाला होता. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला, हा पैसा शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच इमारतीला पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. वाद खर्चाच्या प्राधान्याचा होता. निर्णय कोणी घ्यायचा, याबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती.

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने हे चित्र बदललं. शाळा, दवाखाना, मंडई यांच्या जागा आता आराखड्यात आरक्षणाने, म्हणजे त्या-त्या कामासाठी राखून ठेवून ठरतात आणि आराखडा 20 वर्षांसाठी असतो. जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी 1987 मध्ये मंजूर झाला. त्यापुढचा 2007 ते 2027 या काळासाठीचा. त्याचं प्रारूप प्रसिद्ध व्हायलाच 2013 उजाडलं, 80 हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या, 2015 मध्ये राज्य शासनाने तो महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. म्हणजे आराखड्याचं निम्मं आयुष्य मंजुरीतच संपलं.

गावांचे हाल याहून वाईट. 1997 मध्ये 38 गावं हद्दीत आली, 2001 मध्ये काही वगळून 23 उरली. त्यांच्या आराखड्यातला टेकड्यांवरच्या जैववैविध्य उद्यानाचा प्रश्न 2015 पर्यंत लोंबकळत राहिला. तोवर बाणेर, बालेवाडी, खराडीत टॉवर उभे राहिले होते.

आरक्षण पडलं तरी जागा ताब्यात येतेच असं नाही. याच कायद्याचं कलम 127 जमीनमालकाला मोठा आधार देतं: आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे जागा घ्या अशी नोटीस, बजावू शकतो आणि ठरलेल्या मुदतीत पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पूर्वी ही मुदत 6 महिने होती, आता 24 आहे. नुसता ठराव करून किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवून ते पाऊल ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलं. मालकाच्या बाजूने पाहिलं तर हे रास्तच आहे. जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण नोटीस येईपर्यंत फाइल हलली नाही, तर वस्तीची मंडई त्या कागदाबरोबरच जाते.

पैशाचंही तेच. 2013 च्या भूसंपादन कायद्याने मोबदल्यावर 100 टक्के दिलासा रक्कम आली. रोख देणं जड झालं, म्हणून पालिका टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, पुढे करते आणि मालक रोखीवर अडून बसतो. रोख असते ती आधी रस्त्यांना जाते. अंदाजपत्रकात मंडईसाठी तरतूद झालीच, तरी वर्षअखेरीला वर्गीकरणात ती दुसऱ्या कामाकडे वळवता येते. मंडईच्या तरतुदीसाठी भांडणारा गट महापालिकेत नसतो, हे मला सर्वात जास्त खटकतं.

आणि बांधून झालेले ओटे? आतल्या गल्लीतल्या ओट्यांवर धूळ साचते, कारण गिऱ्हाईक बसथांब्यावर उतरतं. पथारीवाली बाई तिथेच फुटपाथवर ताडपत्री अंथरून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडते. अतिक्रमण विभागाची गाडी दिसली की चारही टोकं गोळा करून काट्यासकट गाठोडं बांधते आणि आडोशाला उभी राहते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने असा आपसूक जमलेला बाजार नैसर्गिक बाजारपेठ म्हणून मान्य केला आहे. आरक्षण टाकताना मात्र कुठे माणसं जमतात यापेक्षा कुठली जमीन मोकळी आहे हेच पाहिलं जातं. ही चूक सुधारायला पैसा लागत नाही.

2017 मध्ये 11 आणि जून 2021 मध्ये आणखी 23 गावं महापालिकेत आली. वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे त्यातलीच. या 23 गावांच्या नियोजनाचे अधिकार शासनाने पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला दिले. पीएमआरडीएचा 2021 मध्ये जाहीर झालेला प्रारूप आराखडा 2025 मध्ये शासनानेच रद्द केला. मधल्या काळात, मार्च 2022 मध्ये, नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले आणि ज्याच्या दारात जाऊन मंडई मागायची, तो माणूसही जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत राहिला नाही. या गावांत मंडईच्या जागेचा हिशेब त्यामुळे पुन्हा पहिल्या पायरीपासून मांडावा लागतोय. बांधकामं मात्र होतच राहिली.