विवाहाधारित ग्रीन कार्ड व नागरिकत्व, अमेरिका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नागरिकाशी किंवा कायम रहिवाशाशी झालेल्या विवाहाच्या आधारे परकीय जोडीदाराला मिळणारा कायम वास्तव्याचा हक्क आणि त्यानंतर मिळवता येणारे नागरिकत्व. मराठी घरांत ‘ग्रीन कार्ड झालं का?’ एवढ्या प्रश्नात हे प्रकरण आटोपते. कायदा मात्र तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासतो : नाते खरे आहे का, व्यक्ती वास्तव्यास पात्र आहे का आणि काही वर्षांनी, ती नागरिक होण्यास पात्र आहे का. विवाहामुळे नागरिकत्व मिळत नाही. वाट तेवढी जवळची होते.

‘ग्रीन कार्ड’ हे नाव दुसऱ्या महायुद्धानंतर देण्यात आलेल्या आय-१५१ या हिरव्या नोंदणीपत्रावरून रूढ झाले. १९६४ मध्ये रंग बदलला आणि २०१० मध्ये पुन्हा हिरवा झाला. मधल्या काळात हिरवे नसलेले कार्ड खिशात बाळगणाऱ्यांनीही नाव सोडले नाही.

विवाहाच्या आधारे मिळणाऱ्या या सवलतीच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो १८५५ च्या कायद्यात पाहतात. त्यानुसार नागरिकाशी विवाह करणारी परकीय स्त्री, ती एरवी नागरिकत्वास पात्र असल्यास, आपोआप नागरिक होई. परंतु तेथे स्त्रीच्या हक्काचा विचार नव्हता. पत्नीचे राष्ट्रीयत्व पतीमागे जाते, एवढेच गृहीत होते. त्याची दुसरी बाजू १९०७ च्या कायद्यात उघड झाली : परकीयाशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री नागरिकत्व गमावू लागली. कॅलिफोर्नियातील एथेल मॅकेन्झी यांना स्कॉटिश गायकाशी लग्न केल्यामुळे मतदार म्हणून नोंदणी नाकारण्यात आली आणि १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. दुसरे मत देशवार प्रवेशाची संख्या ठरवणाऱ्या १९२४ च्या कोटा कायद्याकडे बोट दाखवते. त्यात नागरिकांच्या पत्नींना कोट्यातून वगळले होते. पतींना मात्र ती मोकळीक नव्हती. १९२२ चा केबल कायदा हा खरा सांधा मानणे अधिक सयुक्तिक दिसते, कारण विवाहाने आपोआप मिळणारे नागरिकत्व त्याने बंद केले आणि त्याऐवजी परकीय पत्नीसाठी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट एका वर्षावर आणली. १९३४ च्या दुरुस्तीने पती-पत्नी दोघांसाठी ही मुदत तीन वर्षे केली. मधल्या काही फेरफारांनंतर १९५२ च्या कायद्यात तीच कायम झाली. आजचा ‘तीन वर्षांचा नियम’ तो हाच.

भारतीयांच्या दृष्टीने केबल कायद्यातील एक अपवाद महत्त्वाचा आहे. नागरिकत्वास ‘अपात्र’, म्हणजे वंशामुळे नागरिक होऊ न शकणाऱ्या परकीयाशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री १९३१ पर्यंत आपले नागरिकत्व गमावतच राहिली. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात भारतीय ‘श्वेत’ नाहीत असा निर्णय झाला आणि भारतीयांच्या पत्नी या अपवादाच्या कचाट्यात सापडल्या. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांचे नागरिकत्व असेच गेले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ पासून नागरिक होते. ते रद्द करण्याचा दावा सरकारने लावला, तेव्हा आपल्याबरोबर अमेरिकी पत्नीचेही नागरिकत्व आणि जमिनीवरील हक्क धोक्यात येतील, हा मुद्दा त्यांनी न्यायालयापुढे ठेवला. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने पंडित यांच्या बाजूने निकाल दिला. नावाच्या घडणीवरून त्यांना महाराष्ट्राशी जोडण्याचा मोह होतो. तेवढ्या आधारावर तसे म्हणणे धाडसाचे ठरेल. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने खुला झाला.

प्रक्रिया : नागरिक किंवा कायम रहिवासी असलेला जोडीदार आय-१३० हा अर्ज करतो, बोलीत त्याला ‘पिटिशन फाइल करणे’ म्हणतात. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. कायम रहिवाशाच्या जोडीदाराला ती आहे, म्हणून त्याला ‘तारीख करंट’ होण्याची, म्हणजे आपल्या अर्जाच्या तारखेची पाळी येण्याची वाट पाहावी लागते. अमेरिकेत रीतसर प्रवेश करून राहणारी व्यक्ती तेथूनच कायम वास्तव्यासाठी आय-४८५ हा अर्ज भरते. भारतातील अर्जदाराची मुलाखत अमेरिकी वकिलातीत होते. अर्ज करणाऱ्या जोडीदाराला आय-८६४ वर सही करून आधाराची हमी द्यावी लागते. त्यासाठी उत्पन्न सामान्यतः दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. घटस्फोटानेही ही हमी संपत नाही, हे सही करताना फार थोड्यांच्या लक्षात येते.

कागदपत्रांत मराठी अर्जदार अडतो तो बहुधा नावापाशी. बारसे नोंदणीनंतर झाल्याने जुन्या जन्मनोंदीत नावाचा रकाना कोरा असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मधे वडिलांचे नाव, पासपोर्टवर पतीचे, आणि काही घरांत लग्नात पहिले नावही बदललेले. जन्मनोंद नसल्यास अनुपलब्धतेचा दाखला आणि जवळच्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडतात. महाराष्ट्रातील विवाह प्रमाणपत्रावर लग्न लागल्याची आणि नोंदणीची अशा दोन तारखा असतात. हिंदू विवाह विधीने सिद्ध होत असल्यामुळे अर्जात पहिली तारीख धरतात. गोव्यात मात्र नागरी निबंधकापुढील सह्यांना महत्त्व असते.

या तारखेवर पुढचे बरेच अवलंबून आहे. कायम वास्तव्य मिळतेवेळी विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर ते सशर्त असते आणि कार्ड दोनच वर्षांचे मिळते. ही तरतूद १९८६ च्या विवाह-फसवणूक कायद्याने आली. मुदतीच्या शेवटच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरून अट काढून घ्यायची असते. घटस्फोट, छळ किंवा पराकोटीची अडचण असल्यास एकट्यालाही अर्ज करता येतो.

विवाह खरा की कागदी, याची कसोटी न्यायालयांनी घडवली. १९५३ च्या लुटवाक खटल्यात युद्धातील अमेरिकी सैनिकांच्या परकीय जोडीदारांना दिलेल्या सवलतीसाठी केलेली दिखाऊ लग्ने उघडी पडली. १९७५ च्या बार्क निकालाने प्रश्न नेमका केला : लग्नाच्या वेळी एकत्र संसार करण्याचा हेतू होता का? पुढे संसार मोडला, एवढ्यावरून लग्न खोटे ठरत नाही. संशय आल्यास पती-पत्नींना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारतात : पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपते, सकाळी आधी कोण उठते. न्यूयॉर्कमधील एका खटल्यावरून या पद्धतीला ‘स्टोक्स मुलाखत’ म्हणतात. कांदेपोह्यांपासून महिन्याभरात लग्नापर्यंत पोचलेल्या जोडप्याकडे प्रेमाचा पुरावा म्हणून दाखवायला फारसे नसते. तेथे लग्नपत्रिका, दोन्हीकडच्या नातेवाइकांसह काढलेले फोटो आणि रोजच्या फोनची यादी उपयोगी पडते. फसवणूक सिद्ध झाल्यास पुढील कोणत्याही पिटिशनचा मार्ग कायमचा बंद होतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या विंडसर निकालानंतर समलिंगी जोडीदारांनाही हे नियम लागू झाले.

नागरिकत्वासाठी एन-४०० हा अर्ज आहे. तीन वर्षांचा नियम वापरायचा तर त्या काळात जोडीदार नागरिक असावा आणि दोघे एकत्र राहत असावेत. प्रत्यक्ष १८ महिने देशात काढलेले असावेत. एरवी मुदत पाच वर्षांची आणि त्यात देशात काढायचे महिने ३०. मुदत भरण्याच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो. इंग्रजी व नागरिकशास्त्राची परीक्षा होते आणि शपथविधीने प्रक्रिया संपते.

शपथ घेताच भारतीय नागरिकत्व जाते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. नंतर बहुतेक जण ‘ओसीआय’ (भारताचे परदेशस्थ नागरिक म्हणून मिळणारी नोंदणी) घेतात. गंमत अशी की, परकीय जोडीदाराला विवाहाच्या आधारे ओसीआय देताना भारतही लग्न नोंदलेले आणि किमान दोन वर्षे टिकलेले मागतो.