साठवण-जाळ्यांचे प्रोटोकॉल

डेटा सेंटरमध्ये बहुतेक डिस्क सर्व्हरच्या पोटात नसतात. त्या स्टोरेज ॲरेमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या पेटाऱ्यात, एकत्र ठेवलेल्या असतात आणि सर्व्हर त्यांच्याशी जाळ्यावरून बोलतो. हे बोलणे कोणत्या नियमांनी चालावे हे ठरवणारे प्रोटोकॉल म्हणजे फायबर चॅनेल, आयस्कझी, एफसीओई, एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स इत्यादी. त्यांची तुलना करताना वेगाचे आकडे आधी डोळ्यांत भरतात, पण खरा फरक दुसरीकडे आहे : वाटेत एखादी फ्रेम (जाळ्यावरून जाणारा माहितीचा एक तुकडा) गळाली तर ती निस्तरायची कोणी, जाळ्याने की दोन टोकांनी?

या प्रश्नाचे मूळ स्कझीत आहे. १९८६ मध्ये प्रमाणित झालेली ही आज्ञावली खोक्यातल्या आखूड केबलसाठी होती, आणि केबलमध्ये आज्ञा हरवेल अशी तिची कल्पनाच नव्हती. आजही लिनक्सवर स्कझी डिस्कची आज्ञा उत्तराविना राहिली तर ती फसली असे मानायला, मुद्दाम बदल केला नसेल तर, ३० सेकंद लागतात. डेटाबेससाठी ३० सेकंद म्हणजे युग. त्यामुळे स्कझी जाळ्यावर न्यायची तर एक तर जाळेच केबलइतके भरवशाचे करायचे, नाही तर हरवलेले परत मागवणारा कोणी मध्ये बसवायचा.

फायबर चॅनेलने पहिला मार्ग धरला. १९९४ मध्ये प्रमाणित झालेल्या या जाळ्याचे स्विच (केबली एकमेकींशी जोडणाऱ्या पेट्या), सर्व्हरमधली कार्डे (एचबीए) आणि पत्ते सगळे वेगळे. ते तांब्याच्या तारेवरही चालू लागले तेव्हा काचेच्या तंतूशी गल्लत नको म्हणून नावात मुद्दाम ब्रिटिश स्पेलिंग (fiber ऐवजी fibre) घेतले गेले. मराठीत लिहिताना ही शक्कल अर्थातच दिसत नाही. फायबर चॅनेलची किल्ली आहे क्रेडिट, म्हणजे फ्रेम पाठवण्याची परवानगी. समोरच्याकडे जितके बफर (फ्रेम तात्पुरती ठेवण्याच्या जागा) रिकामे, तितक्याच फ्रेम पाठवायच्या; क्रेडिट संपले की थांबायचे. गर्दीमुळे फ्रेम टाकून देण्याची वेळ सहसा येतच नाही. अंतर वाढले की क्रेडिटही जास्त लागतात : पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी १ गिगाबिट वेगाला दर २ किलोमीटरमागे साधारण एक. म्हणजे ८ गिगाबिट वेगाने ४० किलोमीटर जायचे तर सुमारे १६०. या शिस्तीची दुसरी बाजूही आहे. एखादा सुस्त सर्व्हर क्रेडिट वेळेवर परत करत नसेल, तर त्याच्यामागे त्याच वाटेने जाणारे निरपराध सर्व्हरही तुंबतात. एसटी स्टँडच्या तोंडाशी एक बस बंद पडावी, तसे. हा दोष स्विचवरच्या साध्या आलेखात दिसत नाही, म्हणून शोधायला अवघड जातो.

आयस्कझीने दुसरा मार्ग घेतला. स्कझीच्या आज्ञा टीसीपीत (इंटरनेटवर माहिती खात्रीने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) गुंडाळल्या आणि हरवलेले परत मागवण्याचे काम टीसीपीवर सोपवले. २००४ मध्ये आरएफसी ३७२० या इंटरनेट-प्रमाणाच्या दस्तऐवजाने तो प्रमाणित झाला. त्याचा ठरलेला पोर्ट ३२६०. साधा इथरनेट स्विच पुरतो, वेगळे कार्ड लागत नाही, आणि गडबड झाली तर नेटवर्क पाहणाऱ्या कोणालाही ती तपासता येते. नेहमीचा घोळ जंबो, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या, फ्रेमचा. दोन्ही टोकांना ९००० बाइटची मर्यादा लावलेली, मधल्या एका स्विचवर मात्र १५००. लहान पिंग (समोरचा उत्तर देतो का हे पाहणारा चाचणी-संदेश) जाते, जोडणी होते, आणि डिस्कवर पहिले मोठे लेखन सुरू झाले की सगळे गोठते. तुकडे न करण्याची सूचना देऊन ८९७२ बाइटचे पिंग करून पाहिले की दोष लगेच सापडतो.

एफसीओई म्हणजे फायबर चॅनेलची फ्रेम थेट इथरनेटवर. त्याचे प्रमाण २००९ मध्ये तयार झाले. एका केबलवर दोन्ही जाळी, हे आकर्षण होते. पण त्यासाठी फ्रेम न गाळणारे खास इथरनेट स्विच लागत, आणि नेटवर्क आणि साठवण अशा दोन विभागांच्या माणसांना एकाच स्विचवर नांदावे लागे. ते फारसे जमले नाही.

एनएफएस आणि एसएमबी हे प्रोटोकॉल वेगळ्या जातीचे. ते डिस्कचे ठोकळे (ब्लॉक) देत नाहीत, फायली देतात. एकच ठोकळा-डिस्क दोन सर्व्हरांनी साध्या फाइल प्रणालीने एकदम उघडली तर माहितीची नासाडी ठरलेली; एनएफएसमध्ये कोणाला काय दिसावे हे साठवणारा सर्व्हर सांभाळतो.

फ्लॅशने, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपवरच्या साठवणीने, सगळा हिशेब बदलला. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क नुसती योग्य जागा डोक्याखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंद खाते. जाळ्याने आणखी १०० मायक्रोसेकंद घेतले तर कोणाला कळतही नाही. फ्लॅशचे वाचनच मुळात १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास होते, तेव्हा तेच जाळे निम्मा वेळ खाऊ लागते. २०११ च्या एनव्हीएमई या फ्लॅशसाठीच्या नव्या आज्ञावलीने स्कझी बाजूला ठेवून आज्ञांच्या सुमारे ६४ हजार रांगांची सोय केली, आणि २०१६ मध्ये ती जाळ्यावर आली.

ती नेण्याचे तीन प्रमुख मार्ग. फायबर चॅनेलवर जुने स्विच कामी येतात. आरडीएमएत नेटवर्क कार्ड थेट समोरच्या मेमरीत लिहिते, वेळ सर्वांत कमी. मात्र त्याचा इथरनेटवरचा प्रकार, रॉकी (RoCE), गळती सहन करत नाही. सुरुवातीची कार्डे एक पॅकेट हरवले की तिथून पुढचे सगळे पुन्हा पाठवत. म्हणून स्विचना ‘थांबा’ची फ्रेम पाठवायला शिकवले, आणि फायबर चॅनेलमधली तुंबई इथरनेटवर आली. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये आपल्या डेटा सेंटरांतली थांबा-फ्रेमची वादळे आणि एकमेकांची वाट पाहत अडकलेले स्विच यांचे सविस्तर वर्णन केले आहे. तिसरा मार्ग टीसीपीचा. २०१८ मध्ये तो मान्य झाला आणि २०१९ च्या लिनक्स ५.० मध्ये आला. प्रोसेसर थोडा जास्त राबतो, पण कोणताही स्विच चालतो. नव्याने उभारणी करणाऱ्या मध्यम संस्थेने आधी याचाच विचार करावा. चालते फायबर चॅनेल आणि ते जाणणारी माणसे हाताशी असतील, तर ते उखडण्यात मात्र शहाणपण नाही.

अंतरापुढे सगळेच प्रोटोकॉल हात टेकतात. काचेच्या तंतूतून प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात. फायबर चॅनेलवरच्या स्कझी लेखनात आधी आज्ञा, मग समोरून ‘पाठवा’ असा होकार, मग माहिती, अशा दोन फेऱ्या होतात; ४० किलोमीटरला ८०० मायक्रोसेकंद. एनव्हीएमई-टीसीपीत लहान लेखनाची माहिती आज्ञेबरोबरच जाते, एक फेरी वाचते. आयस्कझीतही तशी सोय आहे. दुसऱ्या केंद्रात प्रत पोचल्याशिवाय लेखन पूर्ण मानायचे नाही, अशी व्यवस्था म्हणूनच जवळच्या अंतरावर करतात. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, जवळचे राखीव केंद्र कुर्ल्यात आणि लांबचे चेन्नईत होते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी पहिल्या दोहोंमधल्या दूरसंचार वाहिन्या बिघडल्या. बाजाराने पुढे दिलेल्या खुलाशानुसार रस्त्यावरचे खोदकाम हे त्याचे एक कारण होते. तेवढ्याने खरे तर मुख्य केंद्र थांबायला नको होते, पण तिथल्याच सर्व्हरांना साठवण-जाळे दिसेनासे झाले, जोखीम-नियंत्रण यंत्रणा बंद पडली, आणि ११.४० ला थांबलेले व्यवहार दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले.