क्रेट-खेळ (श्वान प्रशिक्षण)

कुत्र्याने क्रेटमध्ये, म्हणजे दार असलेल्या जाळीच्या किंवा प्लास्टिकच्या पिंजऱ्यात, आपणहून जावे, सांगेपर्यंत तिथे थांबावे आणि दार लावले तरी निवांत राहावे, यासाठी खेळांच्या रूपाने दिले जाणारे प्रशिक्षण. यात कुत्र्याला आत ढकलत नाहीत, पट्टा धरून ओढत नाहीत, सुरुवातीला तर ‘आत जा’ असे सांगतही नाहीत. आत गेले की खाऊ मिळतो आणि बाहेर आले की काहीच मिळत नाही, या एका अटीवर सगळे खेळ उभे आहेत. कॅनडातील प्रशिक्षिका सुझन गॅरेट यांनी या खेळांचा क्रमवार अभ्यासक्रम बांधला आणि ‘क्रेट गेम्स’ हे नावही त्यांच्यामुळेच रूढ झाले.

ही पद्धत ॲजिलिटी या श्वानक्रीडेच्या वर्तुळात वाढली, हा योगायोग नव्हे. कुत्र्याने मालकाच्या इशाऱ्यावर उड्या, बोगदे, फळ्या पार करण्याची ही स्पर्धा १९७८ मध्ये लंडनच्या ‘क्रफ्ट्स’ श्वानप्रदर्शनात करमणुकीचा कार्यक्रम म्हणून प्रथम दाखवली गेली आणि मग जगभर पसरली. स्पर्धेच्या दिवशी कुत्रा प्रत्यक्ष धावतो तो एखादा मिनिट. उरलेला दिवस मैदानाच्या कडेला, इतर कुत्र्यांच्या भुंकण्यात, क्रेटमध्ये जातो. त्या वेळात जो जाळी ओरबाडत राहतो तो धावण्याआधीच दमतो. शिवाय सुरुवातीच्या रेषेवर मालक पुढे निघून जात असताना जागेवरून न हलणे आणि क्रेटचे दार उघडे असताना आत बसून राहणे, ही दोन्ही कामे मुळात एकच आहेत. म्हणून हे खेळ कोंडण्यासाठी कमी आणि संयम शिकवण्यासाठी जास्त वापरले गेले.

क्रेटच्या समर्थनार्थ ‘कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी आहे, त्याला पिंजरा आवडतोच’ असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. लांडगे बीळ किंवा गुहा वापरतात ती पिल्ले घालायला आणि ती साधारण दोन महिन्यांची होईपर्यंत सांभाळायला. एरवी प्रौढ लांडगा उघड्यावरच झोपतो. रस्त्यावरचे कुत्रे दुपारी उभ्या गाडीखाली किंवा हातगाडीच्या सावलीत अंग टाकते, तेव्हा त्याला आडोसा हवा असतो हे खरे. पण तिथून हवे तेव्हा उठून जाण्याची वाट मोकळी असते. माणसाने बाहेरून लावलेले दार कुत्र्याच्या निसर्गात कुठेच नाही. आडोशाची ओढ उपजत असेल, पण बंद दाराआड निवांत राहणे शिकवावेच लागते. ते न शिकवता दार लावणाऱ्याला पुढे रात्रभर कुत्र्याचे रडणे ऐकावे लागते.

शिकण्याचे तत्त्व : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुकेली मांजरे आणि कुत्री खटक्याच्या पेट्यांत कोंडली आणि खाणे बाहेर ठेवले. योगायोगाने खटका दाबला जाई, दार उघडे, आणि दर खेपेला प्राणी अधिक लवकर बाहेर पडे. ज्या कृतीचा शेवट सुखाचा होतो ती कृती बळावते, हा नियम त्यांनी त्यातून मांडला. क्रेट-खेळ हीच पेटी उलटी फिरवतो : खाणे आत, मोकळीक बाहेर. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी पुढे हा विचार विस्तारला आणि आजच्या बक्षीसप्रधान श्वान प्रशिक्षणाचा तो पाया आहे. त्याला रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी दाखवलेल्या सहसंबंधाची जोड मिळते. त्याच जागी पुन्हा पुन्हा चविष्ट काही मिळत गेले की ती जागाच सुखद वाटू लागते, मग समोर खाऊ असो वा नसो. तिसरा धागा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांचा. जे करायला प्राणी उत्सुक असतो ते, कमी आवडीच्या कामाचे बक्षीस म्हणून वापरता येते, हे तत्त्व त्यांनी १९५९ मध्ये मांडले. क्रेटमधून बाहेर झेपावणे कुत्र्याला आवडतेच, तेव्हा ती झेप शांत बसण्याचे बक्षीस ठरते.

खेळांचा क्रम : पहिल्या खेळात दार काढून ठेवतात किंवा मागे बांधून टाकतात, म्हणजे ते चुकूनही अंगावर येत नाही. खाऊचा तुकडा आत टाकायचा, कुत्रा गेला की मागच्या भिंतीपाशी आणखी दोन-तीन तुकडे द्यायचे आणि तो बाहेर आला तर येऊ द्यायचे. बाहेर आल्यावर बोलणे नाही, थोपटणे नाही, खाऊ तर नाहीच. थोड्याच वेळात कुत्रा बाहेर येऊन मालकाकडे पाहतो, क्रेटकडे पाहतो आणि न सांगता परत आत शिरतो. हा क्षण महत्त्वाचा, कारण इथून पुढे निर्णय कुत्रा घेत असतो. या क्षणी सढळ हाताने द्यावे. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरतात. बेदाणे, द्राक्षे, चॉकलेट आणि कांदा घातलेले काहीही कुत्र्यांना घातक असल्याने खाऊत नको.

खाऊ कुठे द्यायचा, याकडे नवशिके सर्वांत कमी लक्ष देतात. कुत्र्याचे शरीर बक्षिसाच्या दिशेने सरकत जाते. दाराशी खाऊ दिला की तो दाराला नाक लावून उभा राहायला शिकतो, आणि तेच पुढे दार खाजवणे बनते. मागच्या कोपऱ्यात, किंचित उंच धरून दिला तर तो आपसूक मागे सरकून बसतो. ‘बस’ म्हणावे लागत नाही.

यानंतर येतो दाराचा खेळ, आणि सगळ्या क्रमाचा जीव यातच आहे. कुत्रा आत बसलेला असतो, दार आता मिटलेले असते. मालक दाराच्या कडीकडे हात नेतो. कुत्रा उठला तर हात मागे. बसला तर हात पुन्हा पुढे. दार बोटभर उघडते, कुत्रा पुढे सरसावतो, दार मिटते. तो मागे बसतो, दार पुन्हा उघडू लागते. ओरडणे नाही, ‘नाही’ म्हणणे नाही, दारच बोलते. दार हळू आणि तोंड किंवा पंजा सापडणार नाही असे मिटवायचे, नाहीतर खेळ त्याच दिवशी संपतो. काही फेऱ्यांत कुत्र्याला उमगते की पुढे झेपावल्याने दार बंद होते आणि मागे बसल्याने उघडते, म्हणजेच दार त्याच्याच हातात आहे. दार सताड उघडे असूनही तो बसून राहिला की आत जाऊन खाऊ द्यायचा आणि मग सुटकेचा शब्द. हा शब्द घरात एरवी उठता-बसता वापरला जाणारा नसावा. ‘चल’ किंवा ‘ओके’ निवडणाऱ्या घरात कुणी फोनवर ‘ओके’ म्हटले तरी कुत्रा बाहेर उडी मारतो. ‘ब्रेक’ हा शब्द बरेच प्रशिक्षक वापरतात. ठरवलेला कुठलाही वेगळा शब्द चालतो.

शब्द ऐकून कुत्रा बाहेर आला की तिथे त्याला खाऊ देत नाहीत. सुटका हेच बक्षीस. मग मालक उभा राहून वाट पाहतो. ज्या कुत्र्याला खेळ कळला आहे तो वळून स्वतः आत धावतो. हळूहळू अंतर वाढवतात : क्रेटपासून दोन पावले, खोलीच्या टोकापासून, पुढे दुसऱ्या खोलीतून. मग मुद्दाम व्यत्यय आणतात. चेंडू टप्पे घेत जातो, खाऊ जमिनीवर सांडतो, घरातले कुणी नाचत जाते, आणि दार उघडे असूनही कुत्रा शब्दाची वाट पाहतो. धावत क्रेटमध्ये शिरण्याची ही हौस एकदा लागली की पाहुण्यांसमोर दाखवायची ती करामत होते. त्यात वाईट काही नाही, सराव होतो.

दार लावून ठेवण्याचा काळ सर्वांत शेवटी येतो. तीन सेकंद, मग दहा, मग पुन्हा दोन, मग सात. काळ सतत चढता ठेवला तर पुढची फेरी मागच्यापेक्षा अवघडच असणार हे कुत्रा ताडतो आणि आत जायला कुरकुरू लागतो. मिनिटांवर आल्यावर चघळायला काही देतात आणि मालक खोलीतून ये-जा करतो. पिल्लांच्या बाबतीत मर्यादा मूत्राशय ठरवते. महिन्यांतल्या वयात एक मिळवून जेवढे तास येतात ती ढोबळ कमाल मानली जाते, पण ती कमाल आहे, रोजचे वेळापत्रक नव्हे. झोपायची जागा घाण न करण्याकडे पिल्लांचा कल असतो, त्यामुळे शी-शूची सवय लावायला क्रेटचा उपयोग होतो. त्याच पिल्लाला फार वेळ डांबले तर नाइलाजाने आतच घाण करावी लागते आणि तो कलही मोडतो.

कुई-कुई केल्यावर दार उघडावे का, यावर वाद होतात. थोडी कुरकुर दुर्लक्षून शांततेच्या क्षणी दार उघडणे योग्य. दुर्लक्ष सुरू झाल्यावर कुरकुर आधी वाढते आणि मग ओसरते, हेही खरे. पण घाबरून ओरडणे निराळे. लाळ गळणे, उष्णता नसताना धापा टाकणे, जाळी चावणे, आवडता खाऊही न शिवणे ही भीतीची लक्षणे आहेत, आणि तिथे ‘रडू दे, सवय होईल’ हा सल्ला घातक आहे. एकटे राहण्याच्या भीतीचा विकार असलेली कुत्री जाळीशी झुंजून दात आणि नखे तोडून घेतात. त्यांना क्रेटमध्ये ठेवणे हा उपचार नव्हे, त्यांना पशुवैद्याकडे न्यावे.

क्रेट : कुत्र्याला ताठ उभे राहता, वळता आणि पाय पसरून निजता आले पाहिजे. हवाई वाहतुकीसाठी आयाटा या आंतरराष्ट्रीय संघटनेचे निकषही याच धर्तीचे आहेत. बाजारात मापे इंचांत मिळतात, २४ पासून ४८ पर्यंत. लॅब्राडॉरला बहुधा ४२ इंची लागतो, म्हणजे साडेतीन फूट, आणि मुंबई-पुण्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये खरेदीआधी जमिनीवर खडूने आखून पाहिलेले बरे. जाळीच्या क्रेटमध्ये गळ्यातला पट्टा अडकून फास बसू शकतो, म्हणून तो काढतात. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि त्यासाठी हवा खेळती लागते. तेव्हा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद बाजूंचे प्लास्टिक क्रेट टाळावे. पगसारख्या बसक्या नाकाच्या जातींना तर ते आणखी धोक्याचे.

भारतात क्रेटची गरज बहुधा अचानक येते. पायाचे किंवा मणक्याचे ऑपरेशन झाले, हृदयातील जंतांचा उपचार सुरू झाला, की पशुवैद्य काही आठवडे हालचाल बंद ठेवायला सांगतात. ज्या कुत्र्याने क्रेट कधी पाहिलाच नाही त्याच्यावर दुखणे आणि कोंडणे एकदमच येते. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा विसर्जनाच्या ढोल-ताशांत क्रेट हा आडोसा ठरू शकतो, पण सराव आधी काही आठवडे झालेला हवा आणि त्या रात्री दार उघडेच असावे. रेल्वेने कुत्रा नेताना वातानुकूलित प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन राखून ठेवता आली नाही तर गार्डच्या डब्यातील डॉग बॉक्स उरतो. घरात क्रेट-खेळ खेळलेल्या कुत्र्यालाही तिथला अंधार आणि खडखडाट नवाच असतो. फक्त बंद दार नवे नसते.

स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरी कुत्र्याला नेहमीसाठी बंद क्रेटमध्ये ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. प्रवास, स्पर्धा, आजारपण अशा प्रसंगांपुरती सूट मिळते. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ११ नुसार हालचालीला पुरेशी जागा न देणाऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात हयगय करणे हाही गुन्हा आहे. यांपैकी कोणताही गुन्हा पहिल्यांदा करणाऱ्याला या कलमात सांगितलेला दंड १० ते ५० रुपये आहे.