मांजर, तरुण : पायदुखी व पेटके

साधारणपणे दोन वर्षांच्या आतील मांजरात दिसणारे लंगडणे, पाय आखडणे, पाय टेकवण्याचे टाळणे किंवा स्नायू फुरफुरणे या लक्षणांचा समूह. माणसाच्या पोटरीत येऊन आपोआप सुटणारा गोळा मांजराच्या बाबतीत निदान म्हणून क्वचितच मान्य होतो. पाळणारा ज्याला पेटका म्हणतो त्यामागे बहुतेक वेळा हाड, सांधा, मज्जातंतू, रक्तपुरवठा किंवा विषबाधा यांपैकी काहीतरी आढळते.

सर्वांत सामान्य कारण दुखापतीचे आहे. कवेलूच्या छपरावरून पडणे, बंडीच्या चाकाखाली पाय सापडणे, कुत्र्याने धरणे, बोक्यांची भांडणे हे प्रकार विदर्भातील खेड्यांत नित्याचे आहेत. चाव्याची जखम वरून लवकर बुजते व आत पू धरतो, त्यामुळे लंगडणे, सूज आणि ताप दोन-तीन दिवसांनी एकदम दिसतात. वाढीच्या वयात लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या वाढपट्टिका हाडापेक्षा कमकुवत असतात आणि मोड तेथेच होण्याचा संभव असतो. खच्ची केलेल्या, विशेषतः वजनदार, तरुण बोक्यांत या पट्टिका उशिरा मिटतात व मांडीच्या हाडाचे डोके फारशा दुखापतीवाचूनही सरकते.

आहारजन्य अस्थिविकाराच्या स्वरूपाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. केवळ मांसावर वाढवलेल्या पिलांची हाडे पातळ होऊन लवतात किंवा मोडतात, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पशुवैद्यांना ठाऊक होते. परंतु कोणी त्यास मुडदूस म्हणत, तर कोणी माणसातील जन्मजात ठिसूळ हाडांच्या विकाराचे नाव देऊन आनुवंशिक मानत. साधारणपणे १९६० च्या सुमारास झालेल्या आहारविषयक प्रयोगांनंतर कॅल्शियमची उणीव व त्यामुळे अतिक्रियाशील झालेल्या परावटू ग्रंथी (गळ्यातील, रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या लहान ग्रंथी) हे स्पष्टीकरण रुळले आणि आज तेच अधिक ग्राह्य वाटते. वाढत्या पिलाच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसइतके किंवा त्याहून किंचित अधिक असावे लागते, तर हाडाविना मांसात कॅल्शियमच्या एका भागास फॉस्फरसचे सुमारे पंधरा ते वीस भाग असतात. रक्तातील कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी परावटू ग्रंथींचा स्राव हाडांतून ते काढून घेतो. मुडदुसात वाढपट्टिका रुंदावतात. या विकारात त्या जवळजवळ नेहमीच्याच राहतात व हाडाची भिंत मात्र कागदासारखी पातळ होते. क्ष-किरण चित्रातील हा भेद जुन्या वादात निर्णायक ठरावयास हवा होता. आणखी एक गोष्ट येथे नोंदवावी लागते : मांजराच्या त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, म्हणून विदर्भातील प्रखर उन्हात पिलू दिवसभर पडून राहिले तरी ही गरज भागत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते.

पोळी किंवा भातात कॅल्शियम नगण्य असते. दुधातील प्रमाण बरे असले, तरी पाणी घातलेल्या वाटीभर दुधातून वाढत्या पिलाची गरज भागेलच असे नाही. भंडारा-गोंदियाकडील तलावांची लहान मासळी काट्यांसह मिळत असेल, तर ही उणीव बरीच भरून निघते. उणीव राहिलेल्या पिलास उचलताना वेदना होतात, ते उडी टाळते, पाठ खाली झुकते, आणि ओटीपोटाची हाडे दबल्यास पुढे कायमचा मलावरोध जडतो. विश्रांती व योग्य आहार यांनी काही आठवड्यांत हाडे पुन्हा घट्ट होऊ लागतात, परंतु आलेला बाक नेहमी सरळ होत नाही. दीर्घकाळ काळजावरच (यकृतावर) पोसल्याने अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मान व पुढील पायांचे सांधे जखडतात. हा प्रकार बहुधा वयाने मोठ्या मांजरांत दिसतो.

मांजरात सर्दी आणणाऱ्या कॅलिसी विषाणूच्या संसर्गात, व कधी लसीकरणानंतर, ताप येऊन एका पायातून दुसऱ्या पायात सरकणारे लंगडणे दिसते व बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. सांध्यात विषाणू स्वतः दाह घडवतो की प्रतिपिंडांशी झालेली त्याची संयुगे, याविषयी एकमत नाही. दोन्ही घडत असावे.

खऱ्या अर्थाने पेटक्यांसारखी अवस्था विषबाधेत येते. कापूस व तुरीच्या पट्ट्यात प्रोफेनोफॉस (पूर्वी मोनोक्रोटोफॉसही) यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके फवारतात; २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतमजुरांनाच अशी बाधा झाली होती. अंगाला लागलेले औषध चाटल्याने मांजराला लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात व स्नायू फुरफुरतात. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरील परमेथ्रिन या औषधाचे विघटन मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही, त्यामुळे ते अल्प प्रमाणातही झटके आणते. पिलांना पाजणाऱ्या भाटीत रक्तातील कॅल्शियम घसरल्यास पाय ताठरतात व कंप सुटतो. धनुर्वाताला मांजर बऱ्यापैकी दाद देत नाही. झालाच तर बहुधा जखमेजवळचा एकच पाय ताठ होतो.

मागील दोन्ही पाय अकस्मात लुळे पडून गार झाले, तळव्याच्या गाद्या फिकट किंवा निळसर झाल्या आणि मांजर आर्ततेने ओरडू लागले, तर महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) दुभाजनापाशी रक्ताची गुठळी अडकल्याचा संशय घ्यावा. हृदयस्नायूंच्या विकारातून ती येते व तरुण वयातही येऊ शकते. पक्षाघात व बदललेले वर्तन एकत्र दिसल्यास रेबीज गृहीत धरून मांजर हाताळू नये.

माणसाची वेदनाशामके देणे घातक आहे. पॅरासिटामॉलची सुरक्षित मात्रा मांजराला नाही. त्याने रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्यास असमर्थ होते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात. खेड्यांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांचा व्याप मुख्यत्वे गुराढोरांचा असतो. हाडाचे क्ष-किरण चित्र तेथे न निघाल्यास नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था येथे जनावर नेता येते, मात्र नेताना त्यास अरुंद खोक्यात निजवावे व पाय ओढून सरळ करू नये.